खाडीकाठची विहीर आणि एका कुळाचे नाव

फाल्गुनात मंडणगडाकडील एका गावच्या खोतांचा निरोप आला. विहिरीची नवी बांधणी पुरी झाली आहे. वरुणपूजनास यावे, आणि शिळेवर कोरावयाचा मजकूरही आपणच लिहून द्यावा. या वयात बोटीची दगदग नको, असे घरी मत पडले. परंतु उदकदानाचा महिमा शास्त्रांनी इतका गाइला आहे की नकार देववेना. रत्नागिरी बंदरावरून सकाळच्या आगबोटीने निघालो.

त्या बाजूस जाऊ इच्छिणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. बोट बुरोंडीची मासेमारांची वस्ती उजवीकडे टाकून पुढे जाते, आणि बाणकोटास बोटीतून लहान पडावात उतरावे लागते. लाट असली तर धोतर गुडघ्यापर्यंत भिजतेच. तेथून म्हाप्रळपर्यंत खाडीने होडी मिळते, मात्र भरती साधावी. पुढे बैलगाडी. भाडे आधी ठरवावे. चढणीवर उतरून पायी चालावे लागते, आणि त्याबद्दल भाड्यात सूट मिळत नाही. सोवळ्याने खाणाऱ्याने पोहे, गूळ आणि नारळ जवळ बाळगावेत.

विहीर पाहून समाधान झाले. जांभ्याची रेखीव बांधणी, उतरावयास पायऱ्या, फाल्गुन असूनही तळ न दिसणारे पाणी. जांभ्यावर अक्षरे टिकत नाहीत, म्हणून काळ्या दगडाची शिळा वेगळी आणली होती. पाथरवट मजकुराची वाट पाहत बसला होता.

"जागा कोणी दिली?" मी खोतांना विचारले.

"एलोजी सुभेदारांच्या बापानं. शनवार तेली हो ते. झरा त्यांच्या वाडीत लागला, तर म्हातारा म्हणाला, पाणी काय एकट्याचं? गावानं प्यावं. तसंच लिहा, अमके अमके शनवार तेली यांनी जागा दिली."

हे नाव आपल्या किनाऱ्यावर सर्वांच्या तोंडी आहे. ही मंडळी पूर्वी तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून लोकांनी हे नाव पाडले. तथापि ज्याच्या पित्याचे नाव कोरावयाचे, त्याला विचारल्याशिवाय अक्षर लिहू नये, असे मला वाटले. आम्ही सुभेदारांकडे गेलो.

पलटणीतून निवृत्त झालेला, काठीवर रेलून चालणारा ताठ मनुष्य. ओटीवर आमच्यासाठी स्वच्छ घोंगडी अंथरली. मी काय घेईन, काय घेणार नाही, हे न विचारता समोर अख्खा नारळ ठेवला. मजकूर ऐकून ते शांतपणे म्हणाले, "तसं लिहायचं असेल, तर बाबांचं नाव घालू नका. जागा काय आम्ही परत मागत नाही."

खोत गोंधळले. "आता यात काय वंगाळ आहे, सुभेदार? आम्ही मायेनं म्हणतो."

"माया ठाऊक आहे, अण्णा. माझ्या आजानं घाणा हाकला, त्याची लाज नाय मला. पण तो धंदा. धंदा सुटून दोन पिढ्या झाल्या. कूळ सुटतं का?"

"मग यहुदी लिहू?" मी विचारले.

"तेही खोटं नाय, शास्त्रीबुवा. कचेरीतले साहेब ज्यू म्हणतात, तेही चालतं. पण बगदादकडून आलेले तेही यहुदी, आम्हीही यहुदी. आमचे आम्ही स्वतःला म्हणतो बेने इस्राएल. इस्राएलची लेकरं. माझं वय झालं. बाबांना एकदा तरी गावानं त्या नावानं ओळखावं, ते मला बघायचं आहे."

खोत मान डोलावीत म्हणाले, "बरं, लिहा तसं. शनवारी सकाळी या म्हंजे झालं. जोशांनी मुहूर्त काढलाय, आमंत्रणं गेली."

 दाराआडून त्यांच्या पत्नी रिबकाबाई बोलल्या, "हाक मारताना शनवार बरा आठवतो तुम्हांस्नी, भाऊजी! बोलावताना नाय आठवला?"

खोतांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. ज्या वारावरून पिढ्यान्पिढ्या ज्यांना हाक मारली, त्यांचा तोच वार साऱ्या गावातून कोणालाही आठवला नव्हता. शनिवार हा त्यांच्या धर्मात विश्रांतीचा वार, त्या दिवशी त्या घरात चूलही पेटत नाही. अन्न आदल्या संध्याकाळीच होते.

मी पंचांग मागविले. रविवारची तिथी निषिद्ध नव्हती. जोशी कुरकुरले, की शनिवारचा योग अधिक बलवान आहे. मी म्हणालो, दात्याच्या पुत्रावाचून विहीर लोकांस अर्पिली, तर त्या उत्सर्गाला बळ कोठून येणार? माझी परतीची बोट चुकणार होती, चुकली.

रविवारी मी वरुणपूजन केले. नंतर सुभेदारांनी मस्तक झाकून त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हटली. मला एकही शब्द कळला नाही, पण गावकरी हात जोडून उभे होते. शिळेवरील ओळ सुभेदारांनी बोट फिरवीत वाचली. बेने इस्राएल या शब्दांशी बोट थांबले, मग पित्याच्या नावावरून सावकाश पुढे गेले. परतताना खोत त्यांना म्हणाले, "जिभेला वेळ लागंल, सुभेदार." ते म्हणाले, "लागू द्या. दगडाला घाई नाय."

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी पाय धुण्यास पाणी देत विचारले, "इतके दिवस कोणाकडे अडकलात?"

"बेने इस्राएलांचे कार्य होते."

"ते कोण बाई?"

जुने नाव जिभेवर आले होते. ते उच्चारले असते, तर एका क्षणात उलगडा झाला असता. मी पाटावर बसलो आणि म्हणालो, "जरा वेळ लागेल. सांगतो."