टोपलीतली ऊब

शेजारून कळण्याची भाकरी भाजल्याचा वास आला आणि कळसाडी गावची आमची चूल आठवली. आई उरलेला चतकोरही टाकू द्यायची नाही. “सकायले कुस्करा करसू,” म्हणत झाकून ठेवायची. त्या सकाळी भाकऱ्या झाल्यावर ती पाणी प्यायला उठली आणि तिथेच कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही. अंगणात बायका रडत होत्या. काकू मला हळूच म्हणाली, “मयतना घरमा रांधेल अन्न ठेवतस नही. टाकी ये.” टोपलीत पाच भाकऱ्या होत्या, अजून गरम, वरच्या भाकरीवर तिची बोटं उमटलेली. मी टोपली उकिरड्यावर उपडी केली. आज माझ्या ताटात शीतही उरत नाही. लोक म्हणतात, आईचं वळण. माझ्या हातांना तेव्हा ती टोपली लागते, अजून गरम.