अनुसयाकाकी आणि आमच्या संस्थेची पाटी

अनुसयाकाकी काल सकाळी गेली. मला अजून रडू आलेलं नाही.

फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. राहिलेले दोन टॉवेलही घातले. मग पोलादपूरची एसटी पकडली.

झोपेतच गेली, असं तिची जाऊ म्हणाली. वय बासष्ट.

ज्यांना ती माहीत नाही, त्यांच्यासाठी लिहिते.

मी महाडला ज्या संस्थेत काम करते, तिची पाटी आधी अशी होती: आत्महत्या प्रतिबंध केंद्र. मोठी लाल अक्षरं. पहिला मजला, खाली भांड्यांचं दुकान. जिना चढणारा माणूस अख्ख्या बाजारपेठेला दिसायचा.

फार कोणी चढायचं नाही.

काकी चढली. आंबेनळी घाटाच्या अंगाला तिची वाडी. बाजाराला आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "पानी मिळंल का गो?"

पाणी प्यायली, दहा मिनिटं बसली, गेली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला तिने विचारलं, "वैशाली तू का?"

मी हो म्हटलं. मग ती बोलली. एकुलता मुलगा, दीपक. मुंबईला कामाला होता. सुट्टीवर घरी आला आणि त्याने आत्महत्या केली. कशी, ते इथे लिहिणार नाही. त्यानंतर वाडीत त्याचं नाव कोणी काढत नव्हतं. तिला ते कुठेतरी मोठ्याने घ्यायचं होतं.

माझं नाव तिला कोणी सांगितलं, हे मी विचारलंच नाही.

पुढे तीच आमच्यात येऊन बसायला लागली. "ऐकायला काय शिकायचं असतं?" म्हणाली, पण ट्रेनिंगचा एकही दिवस चुकवला नाही.

दोन वर्षांनी ट्रस्टींनी ठरवलं, रीब्रँडिंग करायचं. लोकांशी पर्सनल कनेक्ट हवा.

मुंबईहून एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. चांगली होती, मन लावून काम केलेलं. स्क्रीनवर उगवता सूर्य, ओंजळीत दिवा. आशा, पहाट, उमेद अशी नावं. आम्ही हात वर करून मतं देत होतो.

काकीने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

आमचंच जुनं कार्ड.

"दीपकच्या पाकिटात होतं," ती म्हणाली. "घडी बघा कशी घातलीय. तो 'आत्महत्या' शब्द आत जाईल अशी. कोनी पाकीट उघडलं तर दिसू नये म्हनून. किती दिवस घेऊन फिरला, मला म्हाईत नाय. पन फोन नाय केला त्यानं."



मी कार्ड उलटून पाहिलं. मागे पेनाने लिहिलं होतं, 'वैशाली, सकाळी दहानंतर.'

अक्षर माझं.

तेव्हा मी एसटी स्टँडवर कार्डं वाटायचे. कोणी थांबून दोन शब्द बोललं, तर मागे माझं नाव लिहून द्यायचे.

म्हणजे दीपक थांबला होता. माझ्याशी बोलला होता.

मला त्याचा चेहरा आठवत नाही. खूप प्रयत्न केला. नाही आठवत.

त्या मुलीने लॅपटॉप बंद केला. "काकी, मग काय नाव ठेवायचं?"

"दारात आलेल्या मानसाला तुमी काय म्हनता? बस जरा, म्हनता ना? तेच लिवा."

एक ट्रस्टी म्हणाले, "अहो, हे चहाच्या टपरीचं नाव वाटेल."

"वाटू दे की. टपरीवर जायला कोनाला लाज वाटते?"

मीटिंग संपल्यावर जिन्यात मी तिला गाठलं. म्हटलं, "काकी, मला तो आठवत नाही गं."

ती चप्पल घालत होती. "माझ्या ध्यानात हाय ना तो," म्हणाली. "तू नाव लिवून दिलंस. त्यानं ते टाकलं नाय. चल, माझी गाडी जाईल."

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पाटी बदलली. 'बस जरा.' खाली बारीक अक्षरांत, आम्ही काय करतो ते. कागदोपत्री जुनंच नाव राहिलं. नव्या कार्डावर लोगो नाही. त्या त्या दिवशी कोण भेटेल, त्याचं नाव. 'मंगळवारी अनुसयाकाकी असते.'

एसटी डेपोत सगळ्यांनी चेष्टा केली, तुमची बस कुठल्या फलाटाला लागते म्हणून. एक गृहस्थ खरोखर चहा मागत वर आले. काकीने चहा केला. ते दोन तास बसले. पुढच्या मंगळवारी आपणहून आले.

सगळे वाचले, असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा आम्हाला कळतही नाही. पण जिन्यावर पावलं वाजायला लागली.

काल तिच्या अंगणात भावकी जमली होती. कडेला तीन माणसं वेगळी उभी होती. एक वयस्कर गृहस्थ, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, एक कॉलेजातली मुलगी. मी तिघांनाही ओळखलं. ओळख दाखवली नाही. आमच्यात तसं ठरलेलं असतं.

काकीच्या जावेने विचारलं, "ही कोन मानसं गो?"

"काकीची," मी म्हटलं.

"मग लांब कशाला उभी? या की पुढं."

आम्ही कोणाचं नाव विचारत नाही. काकीनेही त्या मुलीला कधी विचारलं नव्हतं. मुलगी पुढे आली, काकीच्या पायांशी वाकली आणि तिने काकीला आपलं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट.

आज मी ऑफिस उघडलं. झाडून घेतलं. दोन फोन आले, ते घेतले.

दीपकच्या आईला माझा शेवटचा नमस्कार.

काकी, सावकाश जा.