पोपटीच्या धुरात

नाताळच्या सुट्टीत पनवेलचं आमचं हॉस्टेल ओस पडायचं. केनियाहून शिकायला आलेला तो मात्र तिथंच राहायचा. घरची आठवण येते का, असं कुणी विचारलं की आमच्या बोलीत "मजेत हाय" म्हणून मोठ्यानं हसायचा.

एका नाताळात मी त्याला गावी पोपटीला नेलं. शेतात वालाच्या शेंगांचं मडकं पेंढ्याच्या जाळात भाजत होतं. तो नेमका धुराच्या बाजूला जाऊन बसला.

"अरं, इकरं सरक, डोलं चुरचुरतील!" आई ओरडली.

"ऱ्हाऊ दे, आय," तो हसत म्हणाला. गालांवरून पाणी ओघळत होतं. आई उठली, धुरातच त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसू लागली.