आत्यानं नेसवलेली मडम

माझी आत्या आंदर मावळातली. तिनं नऊवारी नेसवलेली बाई डोंगरावरून गडगडत खाली आली तर हाडं मोडतील, पण निरी मोडणार नाही, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते. पण गेल्या हिवाळ्यात लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर जे पाहिलं, त्यानंतर वाटतं, मी फारच हात राखून बोलत होते.

तिथं एका परदेशी मुलीचं लग्न होतं. तिला आणि तिच्या पाच मैत्रिणींना नऊवारी नेसायची होती. मॅनेजरनं आधीच सांगून टाकलं, "मावशी, पाहुण्या खूश झाल्या तर अख्ख्या सीझनचं काम तुमचं. नाहीतर आजच्यापुरतंच." आत्याला ते काम हवंच होतं. भात घरात आलं की आंदर मावळात हाताला दुसरं काम कुठलं?

मी वडगावात इंग्रजीची शिकवणी घेते, म्हणून दुभाषी होऊन गेले. वाटेत तिला शब्द शिकवले. मापात बसतं ते फिट, शोभून दिसतं ते सूट, एकाला दुसरं साजतं ते मॅच.

"आन् नेसायला काय म्हंत्यात?"

"वेअर."

"गजरा माळायला?"

"वेअर."

"जोडवी घालायला? फेटा बांधायला?"

"वेअरच, आत्या."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लय गरिबी हाय गं त्यांच्यात."

नवरी दारातून वाकून आत आली. मला वाटलं, राजमाचीचा बुरूजच लुगडं नेसायला खाली उतरलाय. आत्यानं लुगडं तिच्या कमरेला लावून पाहिलं. ते पोटरीच्या खाली यायलाच तयार नव्हतं.

"नो सूट," आत्या म्हणाली.

नवरीचा चेहरा पडला. मी घाईघाईनं सावरलं, तिला फिट म्हणायचंय. आत्या माझ्यावरच उखडली, "त्येच की. बसलं की शोभतंय. दोन शब्द लागत्यात कशाला?"

मग तिनं नऊ वारांतून बारा वार काढले. कसे, ते विचारू नका. मी समोर उभी होते, डोळे उघडे होते आणि तरी मला कळलं नाही.

आता आमच्याकडे आरशासमोर उभं राहून नेसणं पुरं होत नाही. आवणीला वाकावं तसं वाकायचं, रोपं लावत गेल्यासारखं मागं मागं सरायचं. तेव्हाही कासोटा जागचा हलला नाही, तरच लुगडं नेसलं म्हणायचं. आत्यानं नवरीला हिरवळीवर नेलं, स्वतः वाकून दाखवलं आणि टाळ्यांचा ठेका धरला. नवरी खुशीत वाकली आणि मागं सरू लागली. आम्हा दोघींचे डोळे निऱ्यांवर. शेतात माणसाच्या मागं फार तर चिखल असतो. इथं पोहण्याचा तलाव होता.

नवरी गेली त्यात. पाणी सात स्टेशनं पलीकडे, बेगडेवाडीपर्यंत उडालं असणार.

मॅनेजर पांढराफटक पडला. "झालं, मावशी. सामान घ्या, घरी जा."

आत्याचं लक्षच नव्हतं. ती पाण्याकडे बघत होती. नवरी शिडी धरून वर आली. पदर खांद्यावर. कासोटा जागच्या जागी. निरी न् निरी अशी, जणू पाण्यानंच इस्त्री केली. नवरीनं खाली वाकून स्वतःला पाहिलं, कमरेला हात लावून पाहिला. मग पाठ फिरवली, वाकली आणि मागं सरत सरत मुद्दाम पुन्हा पाण्यात गेली.

दुसऱ्यांदाही तशीच वर आली.

मॅनेजर हळूच आत्यापाशी आला. "मावशी, हे सुटतं तरी कधी?"

"म्या सोडल्याबिगर न्हाई."

तोवर पाचही मैत्रिणी आपापलं लुगडं घेऊन आत्यासमोर रांगेत उभ्या होत्या. मॅनेजरनं पहिलीच्या हातातली घडी स्वतः मोडली, एक टोक धरलं आणि जमिनीकडे बघत विचारलं, "पुढच्या आठवड्यात दोन लग्नं आहेत. गाडी कुठं पाठवू?"