तव्यावर भाजलेली माती

बदनापूरच्या फलाटावर माय रडत होती आणि मी मात्र पेटीवरची माझ्या नावाची पट्टी सरळ चिकटलीय का ते पाहत होते. बंगळूरला संशोधनाला निघालेली गावातली पहिली पोरगी! तोरा असा, जणू तिथले सूक्ष्मजीव माझ्यावाचून खोळंबलेत. गाडी हलली तशी माय खिडकीबरोबर चालत म्हणाली, “तिकडली माती कशी हाय, कळव गं.” मला मेलीला लाज वाटली. डब्यातल्या लोकांनी ऐकलं म्हणजे!

पुढे मातीनंच मला पोसलं. तुरीच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला पुरवणारे जिवाणू मला शोधायचे होते. आपल्याच शेतातले असावेत म्हणून मायला निरोप धाडला, तुरीच्या मुळाखालची माती पाठव. पुरचुंडी आली. काचेच्या ताटल्यांत खाद्य घालून वाट पाहिली, काही उगवेना. पुन्हा केलं, तरी नाही. मग माझ्यातल्या विदुषीबाईंनी सिद्धांतच काढला, की आमच्याकडची जमीन मेली. चारचौघांत मांडायची तयारीही झाली. नशीब, मधे दिवाळी आली.

माय म्हणाली, “भेटली ना माती? चाळून, तव्यावर चांगली खरपूस भाजून देल्ती. जंतूबिंतू निघाले असते तं लोकं काय म्हणले असते तुला?”

मी शेतात जाऊन तूर उपटली. मुळावरची गाठ नखानं फोडली, आत गुलाबी, म्हणजे जिवाणू जिवंत आणि कामावर. त्या गाठीतल्या जिवाणूवर माझी अख्खी नोकरी निघाली. तो जपून ठेवलेल्या कुपीवर मायचं नाव घातलं, कौसल्या.

आता माय नाही. मी निवृत्त. नातवंडं इथल्या कानडी रीतीनं ‘अज्जी’ म्हणतात, आणि गुडघे काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. शेत धाकटा भाऊ दत्ता पाहतो. बरीच वर्षं नुसता कापूस घेतला, यंदा तूर लावली, तर मुळं कोरी.

“ताई, एक बी गाठ न्हाई. मायच्या नावाचा जंतू उरला का, पाह्य बरं.”

त्यानं माती पाठवली. माझी विद्यार्थिनी आता हे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी तपासते. इतके बारीक कण, की सोन्याचं पाणी लाल दिसतं. कौसल्या सापडली तर ते निळं पडतं. आधी कुपीतल्या कौसल्येचा थेंब टाकला. निळं. मग शेतातली माती. समोरची कॉफी निवली. जन्मभर ‘आमच्या शेतातली’ म्हणून मिरवलं होतं मी. पाणी लालच राहिलं. पोरीनं माझ्याकडे बघून परत करून पाहिलं. लालच.

फोनवर दत्तानं निकाल ऐकून घेतला. मग म्हणाला, “तुझ्यापाशी तं हाय ना? दे मंग. गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळतो, पुढल्या पेऱ्याला.”

आहे ना. शीतपेटीत जिवंत आहे. तिथं ती वाढत नाही, कुणाला काही देत नाही, नुसती टिकते. माझंही इथं बरंचसं तसंच चाललंय, आणि माझ्यासारखे जे गाव सोडून गेले त्यांनी उगाच हसू नये. घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी पत्ता सांगायचे. आता वाटतं, जिथं गेल्यावर आपण पुन्हा कुणाच्या कामी येऊ, ते.

कुरियर नको म्हणाले मी. उन्हात पाकीट तापलं तर आतला जीव जातो. गुडघ्यांचं काय करायचं ते करू, पण कौसल्येला मांडीवर घेऊनच न्यावं लागणार.