शून्य तक्रारींचा अहवाल

उन्नती मढवी चिडकी आहे, असे तिच्या वाशीच्या ऑफिसात सगळेच सांगतात. हे विधान अर्धेच खरे आहे. चहा पुचाट झाला म्हणून ती चिडत नाही, रजा नाकारली म्हणूनही नाही. न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून कोणी सांगितली, की मात्र तिचे कान लाल होतात. हे वळण माहेरचे आहे. खाडीकाठच्या तिच्या गावात चिखलातल्या बिळांतून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरणाऱ्या बायका एकमेकींना विचारत, "बिलात हात घातलावतास का?" हात न घालताच "काय नाय" म्हणून पुढे जाणारीची त्या दिवसभर टर उडवत.

उन्नती शिकली, जुईनगरला फ्लॅटमध्ये राहायला आली आणि इतर कंपन्यांचे संगणक सांभाळणाऱ्या एका फर्ममध्ये लागली. त्यांच्या ग्राहकांत खाडीकाठचा एक सांडपाणी प्रकल्प होता. आसपासच्या लोकांनी तक्रारी पाठवाव्यात म्हणून प्रकल्पाच्या फाटकावर मेलचा पत्ता रंगवलेला होता. त्या मेलचा सर्व्हर प्रकल्पाच्या आवारातच होता आणि त्याला बाहेरून थेट दार नव्हते. वाटेत एक पहाऱ्याचे मशीन होते. त्याच्यामधून कूटबद्ध, म्हणजे मधेच कोणाला वाचता न येणारा, बोगदा काढायचा आणि त्या बोगद्यातून सर्व्हरपर्यंत पोचायचे, अशी व्यवस्था होती. हे काम रोज सकाळी उन्नतीने लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, करी. आधी पहाऱ्याच्या मशीनची ओळख पटवायची, मग बोगदा उघडायचा, नव्या तक्रारी उतरवून मोजायच्या, आकडा महिन्याच्या अहवालात टाकायचा, बोगदा मिटायचा. ओळख पटली नाही तर स्क्रिप्ट जागीच थांबे आणि सगळ्यांना लाल अक्षरांत इशारा पाठवी. पुढे उन्नतीला दुसरे काम मिळाले आणि या कामाची जबाबदारी तिचा वरिष्ठ केयूर याच्याकडे गेली.

गावदेवीच्या जत्रेला ती गावी गेली, तेव्हा तिच्या वडिलांच्या बहिणीने, गोजराने, तिला दारातच अडवले.

"काय गो कंप्युटरवाले! पानी कालं झालंय, चिंबोऱ्या मरून वर येतान, आन् त्या फाटकावरच्या मेलला वाचाच नाय?"

"कुठला मेल, आते?"

"रंगवलाय तो. आमची शालन दर हप्त्याला टाकते, फोटूसकट. पोच नाय का उत्तर नाय. तिकरं मानसा बसतान का बुजगावनी?"

गोजराच्या सुनेने, शालनने, मोबाइल पुढे केला. पत्ता पाहून उन्नतीच्या हातातला प्रसाद तसाच राहिला.

सोमवारी तिने ऑफिसात मागचे अहवाल काढले. पावसाळा संपल्यापासून प्रत्येक महिन्यापुढे एकच शब्द होता: शून्य. तिने स्क्रिप्ट उघडली. तीत एक ओळ तिची नव्हती. बोगदा उघडला नाही तर इशारा देऊ नये, तक्रारी शून्य धराव्यात आणि पुढे जावे, असे ती ओळ सांगत होती.

"ही ओळ कोणाची, सर?"

"माझीच," केयूर सहज म्हणाला. "त्यांनी पहाऱ्याचं मशीन बदललं, तेव्हापासून रोज लाल मेल यायला लागले. क्लायंट वैतागला. म्हटलं, कशाला सगळ्यांना टेन्शन?"

"बोगदा उघडलाच नाही, म्हणजे आपण आत गेलोच नाही. मग शून्य कुठून आणलंत?"

"अगं, खरंच काही असतं तर लोकांनी फोन नसता केला?"

"फोन नंबर दिलाय कुठे लोकांना?"

केयूरने मान हलवली. "हे बघ, प्रकल्पाच्या परवानगीची सुनावणी गुरुवारी आहे. अहवाल सुनावणीच्या समितीकडे गेलाय. ती उरकू दे, मग गुपचूप दुरुस्त करू. आणि एवढी घाईच असेल तर ओळख पडताळणी बंद कर, उघडेल तुझा बोगदा."

उन्नतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनोळखी मशीन समोर दिसताच स्क्रिप्ट थांबली, ते योग्यच झाले होते. 'मला माहीत नाही' हे यंत्राचे प्रामाणिक उत्तर होते. एका माणसाने त्याचे 'काही नाही' करून टाकले होते, आणि त्या 'काही नाही'च्या जोरावर गुरुवारी खाडीत आणखी काही वर्षे पाणी सोडायची मुभा मिळणार होती. पडताळणी बंद करणे म्हणजे अंधारात हात पुढे करून जो धरील त्याच्यामागे जाणे. एक आंधळेपणा निस्तरायला दुसरा पत्करायची तिची तयारी नव्हती.

तिने प्रकल्पावर सर्व्हर सांभाळणाऱ्या धम्मपालला फोन लावला.

"नव्या मशीनची ओळखखूण वाचून दाखव."

"अख्खी? मारुतीचं शेपूट आहे ते!"

"एकेक अक्षर."

"मागच्या जन्मी तलाठी होतीस का गं?" असे म्हणत त्याने वाचली. स्क्रीनवरच्या खुणेशी ती जुळली. उन्नतीने जुनी नोंद काढून नवी घातली, केयूरची ओळ पुसली आणि स्क्रिप्ट चालवली. बोगदा उघडला. मेल उतरू लागले आणि उतरतच राहिले. शालनचे होते, शेजारच्या पाड्यांतले होते, एका शाळेतल्या बाईंचे होते. टोपलीत उलट्या पडलेल्या चिंबोऱ्यांचा फोटो, आणि वर विषय: 'पुन्हा पाठवत आहे'.

तिने समितीला स्वतःच्या नावाने पत्र धाडले: 'तक्रारी नाहीत हे आमचे विधान चुकीचे आहे. आम्ही तपासलेच नव्हते. आलेल्या तक्रारी सोबत जोडल्या आहेत.' एक प्रत केयूरला पाठवली.

तो धावतच आला. "नोकरी नको झालीय का तुला?"

"हवीय. पत्रात तुमचं नाव घातलं नाही, एवढी मेहेरबानी समजा."

दुपारपर्यंत तिचे सगळे पासवर्ड बंद झाले.

गुरुवारी ती गोजरा आणि शालनला घेऊन सुनावणीला गेली. अध्यक्षांनी पत्र मिळाल्याचे सांगितले. प्रकल्पाचे प्रतिनिधी उठले आणि मऊ आवाजात म्हणाले, "ही निव्वळ तांत्रिक बाब आहे. तक्रारी मुदतीत पटलावर आल्या नाहीत. संबंधितांनी नव्याने मेल करावा, पुढच्या बैठकीत जरूर विचार होईल." अध्यक्षांची मान होकारार्थी हलू लागली.

"मेल मुदतीत आलेले आहेत!" उन्नतीचा आवाज इतका चढला, की दारातला शिपाई आत डोकावला. "ते घ्यायला गेलो नाही ते आम्ही. आमच्या चुकीची शिक्षा यांना कशी?"

"मॅडम, खाली बसा. तक्रारदाराखेरीज कोणी—"

"तक्रारदार मी हाय." गोजरा उभी राहिली. "मेलात काय लिवलंय ते मलाच इचारा. चार म्हयने सांगतंय, कोनी आयकला नाय. आता समोर हाय, तर परत मेल टाक म्हनता? मी बोलताना तुमचा कोन लिवून घेनार हाय, त्याला आधी पेन उघरायला सांगा."

कोणीतरी हसू दाबले. प्रतिनिधी पुन्हा उठू लागले. अध्यक्षांनी त्यांना हातानेच थांबवले आणि लेखनिकाकडे पाहिले. त्याने नवे पान घेतले व पूर्ण नाव विचारले.

"गोजरा नामदेव भोईर," ती म्हणाली, आणि ते लिहून होईपर्यंत पुढचा शब्द बोलली नाही.