टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

ही गोष्ट हिरालासुद्धा ठाऊक नव्हती. हिरा म्हणजे माझी बायको. मागच्या मार्गशीर्षात गेली. पन्नास वर्षं एका छपराखाली काढली, आणि जे तिच्यापासून झाकलं ते आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणूनच जमतंय बहुतेक. मी चौथी शिकलेला माणूस, अक्षर वाकडं आहे, पण लिहितो.

वाचताना डोळ्यांत पाणी आणू नका. पाणी आणण्यासारखं यात काही नाही. घाण आहे नुसती.

तेव्हा मी भिवंडीत इंजिनं दुरुस्त करायचो. आधी कापडाच्या लूमवर होतो, मग पाण्याचे पंप, मग होडीच्या मागं लावतात त्या मशिनी. सत्तरच्या सालांत आमच्या खाडीत अशा मशिनी बोटांवर मोजण्याइतक्या, बाकी सगळं वल्ह्यावर. त्यामुळं मला मान. लोक म्हणायचे, हा नुसता आवाज ऐकून सांगतो मशिनीला कुठं दुखतंय. लोक म्हणायचे ते म्हणायचे — मी पण तसंच समजायला लागलो होतो.

बाळाराम हिराचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, हिरानंच त्याला कडेवर वागवला. काल्हेरच्या बंदरात एका मालकाच्या होडीवर तो तांडेल होता, म्हणजे होडी त्याच्या हातात असायची. चांगला तांडेल. मला दाजी म्हणायचा आणि चारचौघांत मस्करी करायचा — ‘‘दाजी, तुमचा कान एवढा तयार, मग ताई हाक मारते ती कशी ऐकू येत न्हाय?’’ लोक हसायचे. हिरा पण हसायची. मला राग यायचा. हे मुद्दाम सांगतो. नाहीतर कोणी म्हणेल, जे झालं ते घाबरून झालं. घाबरलो होतो, खरं आहे. पण राग आधीचा होता.

त्या होडीची मशीन रेस धरत नव्हती. मूठ पिळली की आवाज वर जायचा, लगेच खाली बसायचा, परत वर, परत खाली — दमेकऱ्याच्या छातीसारखा. मी मशीन भिवंडीला आणली. कार्बोरेटर खोलला, बारीक भोकात कचरा अडकला होता तो काढला, प्लग बदलला. पाण्यानं भरलेल्या पिंपात पंखा बुडवून चालवून बघितली. एक सूर लागला. काम चोख झालं होतं, हे मी आजही सांगेन. वाटोळं त्याच्यानंतर केलं.

या मशिनीची पेट्रोलची टाकी वेगळी असते. लोखंडी डबा, त्याला रबरी नळी, नळीच्या मध्ये हातानं दाबायचा रबरी फुगा. आणि टाकीच्या झाकणावर एक लहानसा स्क्रू — हवेचा. पेट्रोल बाहेर जाईल तशी आत हवा शिरायला पाहिजे ना? तो स्क्रू बंद राहिला तर मशीन आधी मजेत चालते, मग टाकी पेट्रोल सोडत नाही, रेस पडते, मशीन मरते. टाकी कुठं न्यायची असली की तो घट्ट करायचा, नाहीतर रस्त्यात पेट्रोल सांडतं. मी घट्ट केला. टेम्पोत टाकी चढवताना, या अंगठ्यानं.

मशीन पोचवली त्याच दिवशी होडीतून वऱ्हाड जायचं होतं. पलीकडच्या काठाला, दुपारचा मुहूर्त. मशिनीच्या होडीतून नवरा पहिल्यांदाच चाललेला, म्हणून अर्धं गाव बंदरावर. माझ्या डोक्यावर मानाची टोपी ठेवली, हातात नारळ दिला. नारळ फोडला, दोरी ओढली, पहिल्याच ओढीला मशीन सुरू. बायका कौतुकानं बघतायत — मी फुगलो. तेवढ्यात बाळाराम टाकीकडे वाकला. मी त्याचा हात झटकला.

‘‘मी लावलेल्या मशिनीला हात घालायचा न्हाय. मूठ धर नि गप चालव.’’

‘‘बरं, दाजी,’’ म्हणाला. ‘‘तुमची मशीन, तुमचंच वऱ्हाड. आम्ही आपले बसायला.’’

परत सगळे हसले. मी काठावर उतरलो आणि होडी गेली.

तो टाकीकडे कशाला वाकला होता? तुम्हाला कळलंच असेल.

भर खाडीत मशिनीची रेस वर-खाली व्हायला लागली आणि मशीन बंद पडली. ओहोटी लागलेली. एवढी माणसं भरलेली होडी वल्ह्यांना दाद देईना, पाण्यानं ती खालच्या अंगाला ओढत नेली आणि चिखलात बसवली. मला वल्ह्याच्या होडीतून तिकडं नेलं, तेव्हा नवरा मुंडावळ्या बांधून मांडीपर्यंत चिखलात उभा होता. त्याची म्हातारी आत्या उतरताना घसरली, मनगट मोडलं, ती कण्हत होती. मुहूर्त गेला होता. आणि सगळे माझ्याकडे बघत होते. टोपी अजून डोक्यावर होती माझ्या.

मी टाकीजवळ वाकलो. फुगा बघितला. चपटा झालेला, कोणी मुठीत चिरडावा तसा. पुढं काही बघायला लागलंच नाही. सगळं त्याच क्षणी कळलं.

बाळाराम शेजारी उकिडवा बसला. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘दाजी, फुगा आत ओढलाय. हवा अडली काय कुठं?’’

हळू म्हणाला तो. ध्यानात घ्या. मोठ्यानं म्हणता आलं असतं की त्याला. माझी लाज राखायला हळू म्हणाला.

मी लोकांकडे पाठ केली. अंगठ्यानं स्क्रू फिरवला, अर्धाच फेरा. सूं करून हवा आत गेली, तो आवाज दबावा म्हणून मी खोकलो. मग झाकण काढलं, पेट्रोलात बोट बुडवलं, नाकाशी नेलं, आणि उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, ‘‘रॉकेल मारलंय यानं पेट्रोलात.’’

त्या साली पेट्रोल महागलं होतं. खाडीत काही जण रॉकेल मिसळायचे, गावाला माहीत होतं. त्यामुळं कोणी विचारलंसुद्धा नाही. मी टाकी खाडीत ओतून दिली — म्हणजे कोणी वास घ्यायला नको — आणि बरोबर आणलेल्या डब्यातलं पेट्रोल भरलं. भरतीला होडी उचलली, दोरी ओढली, मशीन सुरू. रेस एकदम नीट. झाला पुरावा.

नवऱ्याच्या मामानं बाळारामच्या तोंडात मारली. तो त्याच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. आणि मी काय केलं? पंख्याला लागलेला चिखल पुसत बसलो.

मालकानं त्याला होडीवरून काढलं. दुसऱ्या कोणी होडी दिली नाही. बंदरात पोरंसोरं त्याला रॉकेल म्हणून हाक मारायची. शेवटी तो भिवंडीत लूमवर लागला. भरती-ओहोटीवर उठणारा माणूस, भोंग्यावर उठायला लागला. आणि माझं नाव वाढलं. आधी कानानं ओळखतो म्हणायचे, आता नाकानं पण ओळखतो म्हणायला लागले. मी ते ऐकून घ्यायचो. आवडायचं मला.

बाळाराम घरी आला होता, दुसऱ्याच दिवशी. हिराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘तुझी शपथ ताई, एक थेंब न्हाय मारलं.’’ स्क्रूचं बोलला नाही. मला वाटतं, त्याला कळलं होतं, आणि मी बोलेन म्हणून थांबला होता. हिरानं माझ्याकडे बघितलं. ‘‘काय हो, खरं काय?’’

मी म्हणालो, ‘‘इंजिन खोटं बोलत न्हाय.’’

तिनं त्याचा हात डोक्यावरून काढला. माझ्या शब्दावर. ज्याला कडेवर वाढवला त्याला म्हणाली, माझी खोटी शपथ खाल्लीस, आता या दारात येऊ नको.

भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. हिरा त्या वर्षापासून चंद्राला ओवाळायला लागली. भाऊ जिवंत, कोसभरावर, आणि ही दिवेलागणीला अंगणात ताट घेऊन उभी. बीजेचा चंद्र बारीक, लगेच बुडतो, तिला सापडायचा नाही. मग मला हाक मारायची, ‘‘अहो, कुठं हाय बघा जरा.’’ आणि मी बाहेर येऊन तिला बोटानं दाखवायचो. दर वर्षी. तोच हात, तोच अंगठा. एका तरी वर्षी तोंड उघडावं — नाही उघडलं. चंद्र दाखवला आणि आत जाऊन करंजी खाल्ली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी माझ्यासारख्याला पुरे होतं. थांबलं नाही.

सवाशीण बाई गेली की आमच्यात माहेरची साडी अंगावर घालतात, मगच उचलतात. हिरा शेवटच्या दुखण्यात मला म्हणाली, ‘‘बाळ्याची साडी माझ्या अंगावर नको. त्यानं तुम्हाला खोटं पाडायला बघितलं.’’ माझा हात धरून म्हणाली. खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून बरी वेळ कोणती असते? मी म्हणालो, ‘‘बरं.’’

ती गेली त्या सकाळी बाळाराम खारबावहून आला. पोराकडे राहतो तिथं. म्हातारा झालाय, छातीत कापसाची धूळ, चार पावलांवर दम लागतो. काखेत हिरवी साडी. ओट्याच्या पायरीशी थांबला, वर आला नाही. म्हणाला, ‘‘दाजी, एवढी घालू द्या.’’

आत ती होती. आता तिला काही कळणार नव्हतं, तिच्यापासून झाकायचं उरलंच नव्हतं. आणि मी म्हणालो, ‘‘तिची इच्छा न्हाय.’’

‘‘बरं, दाजी,’’ म्हणाला. साडी ओट्यावर ठेवली आणि माणसांच्या मागं जाऊन उभा राहिला. हिराला आम्ही माझ्या घरच्या साडीत नेली.

ती हिरवी साडी ट्रंकेत आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. खारबाव इथून लांब नाही. मी गेलेलो नाही.

बाळारामच्या टाकीत रॉकेल नव्हतं. स्क्रू मी बंद केला होता.